आठवणींचा गोषवारा आणि आठवणीतला प्रसंग



तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसाला मनाच्या आरोग्यावर बोलायला का बोलावले, असे काहींना वाटले असेल. पण आजचा विषय दोन्ही घरचा आहे. माणूस स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी कशा आठवतो, आणि त्या आठवण्याच्या रीतीचा त्याच्या मनःस्वास्थ्याशी काय संबंध आहे, हा तो विषय. आठवण म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके चर्चिला. गेल्या चाळीसेक वर्षांत मानसशास्त्राने त्यात एक मोलाची भर घातली. ती भर कोणती, एवढे जरी आज पदरात पडले तरी पुष्कळ झाले.

एक कल्पना करू. सत्तरी ओलांडलेल्या दोन बायका आहेत. दोघींना आपण विचारले, "मावशी, बहात्तरचा दुष्काळ कसा होता हो?" पहिली म्हणते, "लय हाल झाले बाबा. खायला नव्हतं, प्यायला नव्हतं. सगळा जन्म असाच गेला." दुसरी म्हणते, "खडी फोडायच्या कामावर पहिल्याच दिवशी माझ्या अंगठ्यावर हातोडी बसली. पल्याडच्या गावची एक बाई शेजारी बसलेली. तिनं पदराची चिंधी फाडून बांधली. दुपारी तिची अर्धी भाकर मला दिली, लाल मिलोची. तिचं नाव आता ध्यानात नाही, पण ती चिंधी हिरवी होती."

आता बघा. दुःख दोघींच्या बोलण्यात आहे. दुसरीच्या बोलण्यात रक्तसुद्धा आहे. तरी दोन्ही उत्तरांची जात वेगळी आहे. पहिले उत्तर म्हणजे गोषवारा. खातेवहीच्या शेवटी एकूण बाकी लिहावी, तसा. दुसरे उत्तर म्हणजे प्रसंग. त्याला दिवस आहे, जागा आहे, माणूस आहे, रंग आहे. आम्ही आज एवढेच सांगणार आहोत की मनाच्या आरोग्याचा संबंध आठवण सुखाची की दुःखाची एवढ्यापुरता नसतो. गोषवाऱ्यातून प्रसंगापर्यंत उतरण्याची वाट मोकळी आहे की बुजली आहे, यावरही तो फार अवलंबून असतो.

शास्त्रकार काय म्हणतात

आधी थोडे घरचे. न्यायशास्त्रात अनुभव आणि स्मृती असे ज्ञानाचे दोन भाग पाडले आहेत. अनुभव ताजा असतो. त्याचा मनावर ठसा उमटतो, त्याला संस्कार म्हणतात. आणि केवळ त्या संस्कारातून जे ज्ञान पुन्हा उगवते ती स्मृती. नैयायिक मोठे काटेकोर. त्यांनी स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या, म्हणजे प्रमेच्या पंक्तीला बसवले नाही. कारण स्मृती नवे काही कळवत नाही, ती आधीच्या अनुभवाच्या भरवशावर जगते.

योगदर्शनाने दुसऱ्या बाजूने पाहिले. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत स्मृती ही एक. आणि या वृत्ती क्लिष्ट असतात किंवा अक्लिष्ट असतात, असेही सांगितले. क्लिष्ट म्हणजे क्लेशात गुंतवणारी. आता हे लक्षात घ्या, की तीच स्मृती एका माणसाला गुंतवते आणि दुसऱ्याला सोडवते. हा फरक कशाने पडतो? योगशास्त्राचे उत्तर साधनेच्या अंगाने जाते. आपण आज दुसऱ्या अंगाने जाऊ.

एक साधी परीक्षा

१९७२ साली एन्डेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. परळीला वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग आहे, हे आपल्याला माहीत असते. ही माहितीची स्मृती. पण एका विशिष्ट महाशिवरात्रीला दर्शनाच्या रांगेत आपण उभे होतो, पायाला फरशी गार लागत होती, पुढचे पोर रडत होते, ही प्रसंगाची स्मृती. पहिलीत आपण फक्त जाणतो. दुसरीत आपण तिथे परत जाऊन उभे राहतो.

१९८६ साली इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेन्ट यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांचा अतिरेकी डोस घेऊन जीव देऊ पाहिलेले आणि वाचलेले रुग्ण त्यांनी घेतले. परीक्षा अगदी साधी. एक शब्द द्यायचा, उदाहरणार्थ 'आनंदी', आणि त्यावरून आयुष्यातला एखादा नेमका प्रसंग सांगायला सांगायचे. एका दिवसाच्या आत घडलेला, इतका नेमका. इतर माणसे सांगत, अमुक दिवशी अमुक झाले. हे रुग्ण मात्र पुनःपुन्हा गोषवारा देत. आपल्या भाषेत सांगायचे तर "मित्रांबरोबर असलो की बरं वाटायचं" असे. कोणता मित्र, कोणता दिवस, हे विचारले तरी गाडी पुढे सरकत नसे. विशेषतः सुखाच्या शब्दावर प्रसंग सापडायला त्यांना फार वेळ लागे. पुढे अनेक देशांत असे अभ्यास झाले आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांत हीच खूण वारंवार दिसली. तिला अतिसामान्यीकृत स्मृती म्हणता येईल. आपण तिला गोषवाऱ्याची सवय म्हणू.

मन असे का करते? अभ्यासकांनी तीन कारणे मांडली. पहिले, चटका टाळणे. प्रसंगापर्यंत गेले की तो पुन्हा भाजतो, म्हणून मन वरच्या पायरीवरच थांबते. दुसरे, घोकणी. "माझंच असं का होतं?" हा प्रश्न सतत फिरू लागला, की कोणतीही आठवण त्याच भोवऱ्यात ओढली जाते आणि तिचा निष्कर्ष तेवढा हाती उरतो. तिसरे, थकवा. नेमका प्रसंग शोधून काढायला मनाला कष्ट पडतात. नैराश्याने, काळजीने, झोप न लागल्याने मन थकलेले असले की ते कष्ट झेपत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गोषवारा वाईट का? मुळीच नाही. रोजच्या व्यवहाराला तो लागतोच. प्रत्येक बाजाराचा दिवस तपशिलाने आठवत बसलो तर जगणे मुश्किल होईल. व्यापाऱ्याच्या वहीत शेवटी एकूण बाकी असतेच की! पण हिशेबाचा वाद निघाला तर आतली पाने उघडता आली पाहिजेत. ती पाने चिकटून गेली आणि केवळ शेवटचा आकडा उरला, की गोष्ट अवघड होते.

आतली पाने चिकटली की काय बिघडते

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, अडचणीतून वाट काढणे. कर्ज आहे, पीक गेले आहे, घरात भांडण आहे. अशा वेळी माणूस मागचे प्रसंग चाळतो. मागे असेच झाले तेव्हा कोणाकडे गेलो होतो, काय बोललो होतो, काय उपयोगी पडले होते? पण मागे पाहिले आणि "कधीच काही नीट झालं नाही" एवढेच वाक्य सापडले, तर त्या वाक्यात एकही पत्ता नाही, एकही माणूस नाही, एकही उपाय नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टुल्विंगने एका रुग्णाचा अभ्यास केला. के. सी. या आद्याक्षरांनी तो शास्त्रात ओळखला जातो. मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झाली होती. त्याला माहिती आठवे, पण आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नसे. त्याला विचारले, उद्या काय करणार? तर त्याच्या मनात काहीच उमटत नसे, सगळे कोरे. म्हणजे ज्या शक्तीने आपण मागे जातो, तिच्याच बळावर आपण पुढे जातो. उद्याचे चित्र कालच्या तुकड्यांतून बनते. गोषवाऱ्याची सवय जडलेल्या निराश माणसांतही, कमी प्रमाणात का होईना, हे आढळले आहे. त्यांना पुढचे दिवसही ढोबळ आणि धूसर दिसतात.

हा भाग आम्ही बीड जिल्ह्यात बसून बोलत आहोत, हे विसरून चालणार नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या इथे वर्तमानपत्रातली दूरची बातमी नाही. दरवर्षी ऊसतोडीला निघणारी आणि सहा-सहा महिने घराबाहेर राहणारी माणसे आपल्याच गावांतली. कर्ज, पाऊस, बाजारभाव ही कारणे खरी आहेत आणि ती आठवणींनी फिटत नाहीत. तसे कोणी म्हणत असेल तर ती थट्टा होईल. आमचे म्हणणे इतकेच, की त्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाला उद्या दिसेनासा होतो, आणि उद्या दिसेनासा होण्यात या सवयीचाही वाटा असतो. म्हणून घरातले माणूस "कशातच काही राहिलं नाही" असे एकाच सुरात बोलू लागले, तर ते वैतागाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये.

आठवण खरी असतेच असे नाही

इथे नैयायिक हात वर करील. म्हणेल, "अहो, स्मृती प्रमा नाही हे आम्ही आधीच सांगितलंय. हिरव्या चिंधीची आठवण खरी कशावरून?" आक्षेप रास्त आहे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात दाखवले, की माणूस आठवताना साठवलेली वस्तू बाहेर काढत नाही, तो ती नव्याने रचतो. ऐकलेली अनोळखी कथा लोक परत सांगत, तेव्हा तिला आपल्या ओळखीचा आकार देत. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवले, की प्रश्न विचारण्याच्या ढंगानेही आठवण बदलते.

बहात्तरच्या दुष्काळाचेच घ्या. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणे, हे शब्द मराठवाड्यात इतके बोलले गेले, की ज्याने सुकडी चाखलीही नाही तोही सांगतो. सर्वांचे मिळून एक तयार वाक्य बनते आणि माणूस ते आपले म्हणून सांगतो. हाही गोषवाराच, फक्त गावाने लिहिलेला.

मग नैयायिकाला उत्तर काय? असे की कोर्टात साक्ष द्यायची असेल तर त्याचे म्हणणे शिरसावंद्य. तिथे चिंधीचा रंग तपासलाच पाहिजे. पण घरात, मनाच्या कामी, आठवणीकडून आपण दुसरे काम घेतो. चिंधी हिरवी होती की निळी, याने फारसे बिघडत नाही. 'त्या दिवशी एका परक्या बाईने मला अर्धी भाकर दिली' हे त्या म्हातारीच्या हाताशी असणे महत्त्वाचे. "जगात कोणी कोणाचं नसतं" या निष्कर्षाला तिच्याच वहीतून मिळालेला तो उलटा पुरावा आहे.

मी आठवतो आणि मला आठवते

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही घरी जाऊन प्रत्येकाला प्रसंग सांगायला बसवाल, आणि ते धोक्याचे आहे.

आपली मराठी फार शहाणी भाषा आहे, बरं का. 'मी आठवून पाहतो' असे आपण म्हणतो आणि 'मला आठवते' असेही म्हणतो. पहिल्यात मी कर्ता आहे. दुसऱ्यात आठवण आपणहून येते, मी फक्त तिचा ठिकाणा. जेवताना आईची आठवण यावी, ती अशी. पण काही आठवणी दार न वाजवता घुसतात.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडामातीच्या भिंतींखाली गेली. सर्वाधिक फटका बसलेली ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. परळीलाही तेव्हा जाग आली होती, इथल्या वडीलधाऱ्यांना ते सांगायला नको. एवढ्या आघातातून गेलेल्या माणसाला पुढे ट्रकच्या धडधडीने किंवा रात्री भांडे पडल्याच्या आवाजाने तो क्षण पुन्हा जसाच्या तसा उभा राहू शकतो. ही आठवण नेमकी आहे, पण तिच्यावर त्याची सत्ता नाही. ती भूतकाळ म्हणून येत नाही, आत्ता घडते आहे अशी येते. गंमत अशी, की अशाच माणसांत बाकीच्या आयुष्याच्या आठवणी पुष्कळदा गोषवाऱ्यात गेलेल्या आढळतात. एक प्रसंग धगधगीत, उरलेली सगळी वही पुसट.

अशा माणसाला "बोल, सगळं बोलून टाक, मन मोकळं होईल" असा आग्रह करू नये. आपत्तीनंतर लगेच सर्वांना बसवून एकदाच सगळे सांगायला लावण्याची पद्धत काही काळ जगभर चालली. अभ्यासांती तिचा लाभ दिसला नाही, काहींना अपायच झाला. आज सल्ला असा दिला जातो, की आधी सुरक्षितता, अन्न, आपली माणसे. बोलायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या धगधगीत प्रसंगापाशी जायचे ते जाणत्या डॉक्टरच्या किंवा समुपदेशकाच्या सोबतीने.

आपल्याकडची रीत

मग सर्वसाधारण माणसाने काय करावे? आपल्याकडे रीत होती. जात्यावरच्या ओव्या घ्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. पुढे तो ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर आला. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्याही आहेत. ओवीत बाई "माझा जन्म वाया गेला" एवढ्यावर थांबत नाही. ती माहेरच्या वाटेचे, भावाच्या बैलांचे, आईच्या हातच्या पदार्थाचे नाव घेते. हाताला काम, तोंडाला लय, आणि समोर दुसरी बाई ऐकायला. दुःख एकदम उघडे पडत नाही आणि दाबलेही जात नाही. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले, ते उत्तमच झाले. पण सांगण्याची ती वेळ गेली आणि तिच्या जागी आपण काही ठेवले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. वडिलांचे सोवळ्याचे वेड, पतीचे ख्रिस्ती होणे, त्यानंतरची ताटातूट, यांतले काय कमी होते? पण त्या बाईंनी आयुष्याचा निकाल लावायची घाई केली नाही. प्रसंगामागून प्रसंग सांगितला, आणि म्हणूनच त्या दुःखात हसूही मावले. गोषवाऱ्यात हसू मावत नाही, हे ध्यानात ठेवा.

आधुनिक उपचारही याच दिशेने गेला आहे. प्रसंग नेमकेपणाने आठवण्याचा सराव काही आठवडे गटात बसून करून घेतात. इराणमध्ये राहणाऱ्या, युद्धात वडील गमावलेल्या अफगाण किशोरवयीन मुलांवर असा प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. सराव केलेल्या मुलांचे प्रसंग अधिक नेमके झाले आणि दोन महिन्यांनी त्यांच्यात नैराश्याची लक्षणे दुसऱ्या गटापेक्षा कमी दिसली. गट लहान होता, हे सांगितले पाहिजे. इतर अभ्यासांत लाभ मध्यम दिसला, काहींत तो काळाबरोबर ओसरला. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण खर्च नाही, आणि दिशा बरोबर आहे.

घरी करता येण्याजोगे

थोडक्यात चार गोष्टी सांगतो.

पहिली, प्रश्न बदला. आजोबांना "तुमच्या वेळी कसं होतं?" असे विचारले की गोषवाराच मिळणार. "आबा, पहिला पगार झाला त्या दिवशी घरी काय आणलंत?" असे विचारा. थर्मलमध्ये पहिल्या पाळीला गेलात तेव्हा डब्यात काय होते, ते विचारा. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग अधिक आठवतात, हे संशोधनात पुनःपुन्हा दिसले आहे. तिथून सुरुवात सोपी जाते.

दुसरी, आधी साधे प्रसंग घ्या. सुखाचे किंवा नुसते रोजचे. मोठ्या दुःखाला हात घालू नका. त्याने स्वतः काढले तर ऐका. थांबला तर थांबा.

तिसरी, चुका काढू नका. "बाबा, तो बैल नव्हता, म्हैस होती" असे मुलगा मध्येच म्हणाला, की सांगणारा पुन्हा गोषवाऱ्यात जाऊन बसतो. आपण कोर्टात नाही.

चौथी, स्वतःसाठी. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसातला एक प्रसंग वहीत तीन ओळींत लिहा. कुठे, कोण, काय. "दिवस वाईट गेला" हे वाक्य लिहायचे नाही, असा एकच नियम.

आणि एक गोष्ट या चारांच्या वरची. कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल, झोप आणि जेवण सुटले असेल, तर आठवणींचे प्रयोग करत बसू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक लिहून घ्या. आम्ही थांबतो तोवर.

लिहिलात? छान.

न्यायशास्त्राने स्मृतीला खालच्या पाटावर बसवले, ते ज्ञानाच्या हिशेबाने योग्यच होते. पण संस्कार एकदा उमटला की त्यातून काय उगवेल, यात आपलाही थोडा हात असतो. कोणी विचारणारे आणि थांबून ऐकणारे भेटले, तर बंद पाने उघडतात. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला एक नेमका प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल बाजूला ठेवा.

काही शंका असतील तर आता घेऊ.